वसमतची हळद आणि विस्मृतीचा रोग

पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वर या दोन धरणांचे पाणी कालव्यांवाटे वसमत तालुक्याच्या काळ्या जमिनीत फिरू लागल्यानंतर तेथे ज्या नगदी पिकांनी बस्तान बसविले, त्यांत हळदीचा मान आज मोठा आहे. फाल्गुन-चैत्रात त्या बाजूच्या एखाद्या शिवारात गेले असता कापून टाकलेल्या पानांचे ढीग, खणून काढलेले मातकट कंद आणि त्या कंदांतून जेठे गड्डे, बगल गड्डे व हळकुंडे निवडीत बसलेल्या बायका दृष्टीस पडतात. पलीकडे लोखंडी पिंपांच्या कुकरांतून वाफेचे लोट उठत असतात, आणि जाणता माणूस शिजत्या हळकुंडात काडी टोचून पाहतो, ती अडखळल्यावाचून आरपार गेली म्हणजे माल उतरविण्यास सांगतो. पुढे दहा-पंधरा दिवसांचे ऊन, मोडताना खट्ट असा आवाज निघेपर्यंतची प्रतीक्षा, ढोलात घालून घासून आणलेली तकाकी, आणि अखेरीस हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजार आवारातील लिलाव. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा लहानसा हिंगोली जिल्हा हळदीच्या व्यापारात आता चांगलाच नावारूपास आला आहे. राज्य शासनाने २०२२ मध्ये वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रास मंजुरी दिली, आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या पिकाचा भोक्ता आजवर मुख्यतः स्वयंपाकघर, देवघर आणि लग्नमंडप हाच होता. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र त्यास आणखी एक दावेदार उत्पन्न झाला आहे, आणि तो म्हणजे वार्धक्यात स्मृती गमावून बसलेल्या माणसांचा जगभर वाढत चाललेला समुदाय. हळदीला जो पिवळा वर्ण आहे तो ज्या द्रव्यामुळे आहे, त्या कर्क्युमिनमध्ये मेंदूच्या ऱ्हासास आळा घालण्याचे सामर्थ्य असावे, असा तर्क शास्त्रज्ञांनी बांधला. त्या तर्काची प्रयोगशाळेत, मग उंदरांत आणि मग मनुष्यांत परीक्षा झाली. आणि तरीही जगातील कोणत्याही औषध-नियामकाने कर्क्युमिनला मेंदूचे औषध म्हणून आजतागायत परवाना दिलेला नाही. असे का घडले, याची हकीकत जाणून घेणे हळद पिकविणाऱ्या जिल्ह्यास विशेष उचित होय. कारण नवे औषध मंजुरीच्या दारापर्यंत कसे जाते आणि बहुधा तेथून कसे परत फिरते, हे समजून घेण्यास याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण.

आधी रोगाचा विचार करू. म्हातारपणी माणूस विसरभोळा होतो, तेच तेच विचारतो, जेवूनही जेवलो नाही म्हणतो, स्वतःच्या घरात बसून घरी जाऊ द्या म्हणतो, आणि गावातील लोक त्याला चळ लागला असे म्हणून मोकळे होतात. या चळाच्या अनेक कारणांपैकी सर्वांत मोठे कारण ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या आलोइस अल्झायमर नावाच्या जर्मन वैद्याने १९०६ मध्ये आपल्या एका मृत रुग्णेच्या मेंदूत दोन विकृती वर्णिल्या: पेशींच्या बाहेर साचलेले प्रथिनांचे ढिगारे आणि पेशींच्या आत पडलेल्या तंतूंच्या गुंता-गाठी. ढिगाऱ्यांतील प्रथिनास पुढे अमायलॉइड हे नाव रूढ झाले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून औषधशोधकांचा बहुतेक सारा पराक्रम या ढिगाऱ्यांवर चाल करून जाण्यात खर्ची पडला.

हळदीचा या प्रकरणात प्रवेश झाला तो काहीसा आडवाटेने. हरयाणातील बल्लभगड तालुक्याच्या खेड्यांत एका भारत-अमेरिका संयुक्त संशोधनाने पंचावन्न वर्षांवरील ५,१२६ माणसांची पाहणी केली. त्यांतील ७३ टक्क्यांहून अधिक निरक्षर असल्यामुळे पाश्चात्य देशांत सर्रास वापरली जाणारी स्मृतिपरीक्षा तेथे निरुपयोगी होती. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यापुढे ‘डोळे मिटा’ असे लिहिलेला कागद धरून तो वाचून तसे करण्यास सांगणे हा त्याच्या मेंदूवर अन्यायच. तेव्हा संशोधकांनी परीक्षेची हिंदी आवृत्ती घडविली: कागदाऐवजी माझ्या तोंडाकडे पाहा आणि मी करतो तसे करा असे सांगून परीक्षकाने स्वतःच डोळे मिटावयाचे, आणि शंभरातून सात-सात वजा करविण्याऐवजी विसातून तीन-तीन वजा करावयास लावावयाचे. मला या संशोधनातील सर्वांत हुशारीचा भाग हाच वाटतो. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पासष्ट वर्षांवरील दर हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरचे नवे रुग्ण, वयोमानाचा हिशेब जुळवून घेतल्यावर, बल्लभगडला ४.७ निघाले, तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या मोनोंगाहेला खोऱ्यात ते १७.५ होते.

एवढी तफावत पाहताच भारतीय माणूस रोज काय खातो याचा शोध सुरू झाला, आणि उत्तर जणू ताटातच वाढून ठेवलेले होते. वस्तुतः असा कार्यकारणभाव त्या पाहणीने सिद्ध केला नव्हता. पाहणीचा काळ अल्प होता, ग्रामीण भागात रोगी माणूस फार काळ जगत नाही, घरच्या माणसांना म्हाताऱ्याचे विसरणे रोग वाटत नाही, अशी अनेक स्पष्टीकरणे संभवत होती. शिवाय पुढील काळातील देशव्यापी पाहणीने या कथेचा पायाच डळमळीत केला: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, आणि त्यांचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. फोडणीत हळद तर दोन्हीकडे पडते. म्हणजे ज्या निरीक्षणातून हा सारा खटाटोप उद्भवला ते निरीक्षण आज तितकेसे भक्कम उरलेले नाही. परंतु शास्त्रात चुकीच्या रस्त्यानेही कधी कधी बरोबर गावाला पोहोचता येते, म्हणून केवळ तेवढ्यावर कर्क्युमिनचा दावा निकालात काढणे युक्त झाले नसते.

आणि प्रयोगशाळेतील पुरावा खरोखरच मोहात पाडणारा होता. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्रेग कोल आणि सॅली फ्राउची यांच्या चमूने, ज्या उंदरांच्या मेंदूत मुद्दाम अमायलॉइड साचेल अशी आनुवंशिक तजवीज केलेली होती, त्यांना कर्क्युमिन खाऊ घातले, तो मेंदूतील दाह आणि अमायलॉइड दोन्ही उतरले. हे २००१ चे. २००५ मध्ये त्याच चमूने दाखविले की काचनळीत कर्क्युमिन अमायलॉइडला चिकटते आणि त्याचे तंतू बनू देत नाही. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतून वेगळे काढलेले आणि १९१० मध्ये ज्याची रेणुरचना निश्चित झाली ते हे द्रव्य, पाऊणशे-शंभर वर्षे रंगद्रव्यांच्या यादीत पडून राहिल्यावर, एकाएकी आशेचा विषय होऊन बसले.

येथून पुढे कायद्याचा अंमल सुरू होतो. उंदराला लागू पडलेले द्रव्य मनुष्याला द्यावयाचे झाल्यास आपल्याकडे १९ मार्च २०१९ रोजी अधिसूचित झालेल्या नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमावलीप्रमाणे केंद्रीय औषध नियंत्रकांकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत प्राण्यांवरील विषारीपणाच्या चाचण्यांचे दस्तऐवज, औषध कसे तयार केले याचा तपशील आणि चाचणीचा संपूर्ण मसुदा जोडावा लागतो. ज्या रुग्णालयात चाचणी होणार तेथील नीतिसमितीची संमती घ्यावी लागते. आणि पहिल्या रुग्णाला औषध देण्यापूर्वी भारतीय चाचणी-नोंदवहीत, जी २००७ पासून चालू आहे आणि कोणालाही विनामूल्य पाहता येते, नोंद करावी लागते. मग पायऱ्या. पहिल्या टप्प्यात मूठभर माणसांवर औषध सोसते की नाही आणि शरीरात त्याचे काय होते एवढेच पाहतात. दुसऱ्यात शे-दोनशे रुग्णांवर योग्य मात्रा आणि गुणाची चाहूल. तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्णांवर गुणाची रुजुवात. आणि बाजारात आल्यानंतरही चौथा टप्पा म्हणून नजर ठेवणे चालूच राहते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची यात एक निराळीच अडचण असते: ज्याची समजच ओसरत चालली आहे त्याने समजून-उमजून संमती द्यावी कशी? म्हणून त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीची वा पालकाची सही घेतात, आणि नव्या रेणूच्या चाचणीत अशा दुर्बल व्यक्तींकडून संमती घेण्याच्या प्रसंगाचे ध्वनिचित्रमुद्रणही करून ठेवावे लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई यांची जबाबदारी चाचणी करविणाऱ्यावर असते. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या एखाद्या कुटुंबाला मोठ्या शहरातील रुग्णालयात कधी अशी विचारणा झालीच, तर सही करण्यापूर्वी नोंदणी क्रमांक आणि भरपाईची कलमे मागून घेण्याचा त्यांचा हक्क आहे, आणि तो मागताना संकोच करण्याचे काही कारण नाही.

सर्वसाधारण समजूत अशी की चाचणीचा प्रश्न एकच, तो म्हणजे औषधाला गुण आहे का. माझ्या मते कर्क्युमिनच्या बाबतीत त्याहून निर्णायक ठरला तो दुसराच प्रश्न: ज्या स्थळी गुण यावयाचा त्या स्थळी औषध किती पोहोचते?

पहिल्या पायरीवर हळदीचे काही बिघडले नाही. तैवानात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पंचवीस रुग्णांना चढत्या मात्रेने कर्क्युमिन दिले, आणि दिवसाला ८ ग्रॅमपर्यंत त्याचा कोणताही विषारी परिणाम आढळला नाही. त्यापुढे मात्रा वाढवता आली नाही, आणि त्याचे कारण मोठे मासलेवाईक आहे: इतके चूर्ण गिळणे रुग्णांना अशक्य झाले. हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण ढोबळमानाने शेकडा तीन धरले तर ८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे रोजची पाव किलोहून अधिक हळद; आपण वरण-भाजीतून खातो ती चार-दोन ग्रॅम. आणि एवढे गिळूनही रक्तात जे उतरले ते नाममात्रच. आतड्याच्या भिंतीतून त्याचा थोडाच अंश आत शिरतो; जो शिरतो त्याला आतडे आणि यकृत साखरेच्या रेणूंशी जखडून बाहेर घालविण्याची व्यवस्था लगोलग करतात; आणि त्यातूनही जे निसटते तेही रक्तात फार काळ टिकून राहत नाही; नुसत्या सौम्य अल्कधर्मी पाण्यात ठेवले असता तर अर्ध्या तासात त्याचा नव्वद टक्के भाग विघटित होतो असे १९९७ च्या एका प्रयोगात दिसले होते. शेवटी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा तो निवडक उंबरठा, जो रक्तातील बहुतेक परक्या द्रव्यांना आत सोडतच नाही. राजवाड्याच्या चार दरवाजांवर चार पहारेकरी असावेत आणि पाहुण्याला प्रत्येकाने निम्म्याहून अधिक लुटून पुढे पाठवावे, तशी ही गत. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये वीस मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतील तिखट द्रव्य, कर्क्युमिनसोबत दिले तेव्हा रक्तातील प्रमाण वीस पटींनी वाढले खरे. पण ज्याचा मुळारंभ शून्याच्या जवळपास आहे त्याची वीसपट करून होणार ते किती?

यास एक देशी प्रतिउदाहरण आहे, आणि ते मुंबईतील असल्यामुळे येथे सांगितलेच पाहिजे. सर्पगंधेचे मूळ उन्मादावर आणि रक्तदाबावर उपयोगी पडते असे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्या मुळातून रेसर्पिन वेगळे केले. आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोविकारांवर वापरून दाखविले. १९५७ मध्ये या कामासाठी अमेरिकेतील प्रतिष्ठित लास्कर पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला त्यांत क्लाइन होते आणि आपले डॉ. वकीलही होते. भारतीय कंद-मुळांना मेंदूच्या औषधाचा मान मिळतच नाही ही जी एक तक्रार अधूनमधून कानी येते, तिचे याहून स्वच्छ उत्तर नाही. परंतु रेसर्पिनची मात्रा किती? पाव मिलिग्रॅमच्या आसपास. तैवानच्या रुग्णांनी गिळलेल्या कर्क्युमिनच्या मात्रेशी तुलना केली तर तिच्या ३२,००० पटींनी कमी. रेसर्पिन मेंदूत पोहोचते, तेथील डोपामिन आणि सेरोटोनिन यांचे साठे रिते करते, आणि म्हणूनच गुणही देते व दोषही: काही रुग्णांना त्याने घोर खिन्नता आली, आणि आर्विड कार्लसन यांनी त्याच रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना डोपामिनच्या पूर्वद्रव्याने पुन्हा हालते केले, तेव्हा कंपवाताच्या आधुनिक उपचाराची वाट मोकळी झाली. मेंदूवर खरोखर काम करणारे औषध असे ठाव घेणारे असते. ज्याचा काहीच उपद्रव नाही असे कौतुकाने सांगितले जाते, ते तेथवर गेलेच नसण्याचा संभव अधिक.

कर्क्युमिनच्या खऱ्या कसोटीचे दिवस यानंतर आले. हाँगकाँग येथे लॅरी बाउम यांच्या चमूने ३४ रुग्णांवर सहा महिन्यांची चाचणी करून २००८ मध्ये निकाल दिला, आणि लॉस एंजेलिसला जॉन रिंगमन यांच्या चमूने ३६ रुग्णांवर चोवीस आठवड्यांची चाचणी करून २०१२ मध्ये. दोन्ही चाचण्यांत काहींना कर्क्युमिन आणि काहींना प्लासिबो, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, दिली. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरालाही. ही झाकपाक ज्यांना अतिरेकी वाटते त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या घरात चार दिवस काढावेत. रोग्याची स्थिती दिवसागणिक बदलते. आज नातवाचे नाव आठवले की सुनेला वाटते गुण आला, उद्या नाही आठवले की वाटते मात्रा चुकली. आणि महागडी गोळी सुरू केलेली असली म्हणजे आठवलेले तेवढे लक्षात राहते. अशा ठिकाणी प्रेमळ डोळ्यांची साक्ष सर्वांत कमी भरवशाची. हळदीच्या बाबतीत तर आणखी पंचाईत ही की तिचा रंग लपत नाही. कॅप्सूल फुटली, बोट पिवळे झाले, की गुपित उघडे पडलेच. दोन्ही चाचण्यांचा निकाल एकच लागला: प्लासिबो घेणाऱ्यांच्या तुलनेत कर्क्युमिन घेणाऱ्यांची स्मृती सुधारली नाही. रिंगमन यांच्या रुग्णांच्या रक्तात कर्क्युमिन सापडले ते नॅनोग्रॅमांच्या हिशेबात. म्हणजे या चाचण्यांनी कर्क्युमिन अमायलॉइडपुढे हरले असे सिद्ध केले नाही. बहुधा त्या दोघांची गाठच पडली नाही एवढे दाखविले.

मग वाहनाची सुधारणा सुरू झाली. कर्क्युमिनचे अतिसूक्ष्म कण करून, त्यांना स्निग्ध वा गोंदासारख्या द्रव्यांत बसवून शोषण वाढविण्याच्या युक्त्या निघाल्या. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे ९६ निरोगी वृद्धांवर वर्षभर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फारसे काही निष्पन्न झाले नाही. परंतु लॉस एंजेलिसच्या गॅरी स्मॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, स्मृतिभ्रंश नसलेल्या पण विसराळूपणाची तक्रार असलेल्या ५१ ते ८४ वर्षांच्या चाळीस व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांना जपानी बनावटीचे सुशोषित कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे अठरा महिने दिले, तो त्यांची स्मृतिपरीक्षेतील कामगिरी प्लासिबोवाल्यांपेक्षा सरस ठरली. ही बातमी जगभर गाजली, आणि कॅप्सूलच्या जाहिरातदारांनी तर ती शिरोधार्यच मानली. त्या चाचणीत लबाडी नव्हती; पण चाळीस माणसे म्हणजे प्रत्येक बाजूस विसेक, आणि विसांच्या गटात दोन-चार तल्लख माणसे इकडची तिकडे झाली तरी पारडे झुकते. नियामकाच्या दप्तरात असा कागद ‘पुढील चाचणी करून पाहण्यास योग्य’ या सदरात पडतो, मंजुरीच्या सदरात नाही.

दरम्यान २०१७ मध्ये कॅथरीन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात कर्क्युमिनवर जे आरोपपत्र दाखल केले ते फारच झोंबणारे होते. कर्क्युमिन काचनळीतील जवळपास प्रत्येक परीक्षेत चमकते, कारण ते स्वतःच प्रकाश फेकते, अनेक प्रथिनांना उगाच चिकटते आणि परीक्षेच्या साधनांनाच फसविते. शंभराहून अधिक चाचण्या होऊनही दुतर्फा झाकलेल्या एकाही चाचणीत त्याने निर्विवाद यश मिळविलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. हा निकाल मला किंचित कठोर वाटतो, पण अन्यायाचा वाटत नाही. गंमत अशी की ज्या प्रकाश फेकण्याच्या आणि चिकटण्याच्या खोडीवर त्यांनी बोट ठेवले, तिचाच उपयोग करून लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील संशोधकांनी २०१७ मध्ये रुग्णांना कर्क्युमिन देऊन त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावरील अमायलॉइडचे ठिपके उजळवून पाहण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेव्हा औषध म्हणून जे अडले ते निदानाचा रंग म्हणून कामी येईल, असेही होऊ शकते.

या क्षेत्रात अपयश ही हळदीचीच मिरास आहे असे मात्र कोणी समजू नये. २००२ ते २०१२ या दशकात अल्झायमरवर अजमावलेल्या औषधांपैकी ९९.६ टक्के निकामी ठरली, असा हिशेब २०१४ मध्ये निघाला आहे. आणि ज्यांना परवाना मिळाला त्यांची कहाणी तरी कोठे निर्वेध आहे? अडुकानुमॅब या औषधाच्या चाचण्या २०१९ मध्ये निरर्थक म्हणून थांबविल्या, मग आकड्यांची फेरमांडणी करून ते पुढे आणले, तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये प्रतिकूल कौल दिला, आणि तरीही अमेरिकेच्या नियामकाने जून २०२१ मध्ये त्यास त्वरित मंजुरी दिली, तेव्हा समितीच्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले. २०२४ च्या आरंभी कंपनीनेच ते औषध मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्यामागून आलेले लेकानेमॅब त्यापेक्षा सरळ मार्गाने आले: १,७९५ रुग्ण, अठरा महिने, आणि अठरा गुणांच्या मापनपट्टीवर प्लासिबोच्या तुलनेत ०.४५ गुणांचा फरक. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत त्यास पूर्ण मंजुरी मिळाली. त्या वेळी औषधाचा वर्षाचा खर्च तेथे २६,५०० डॉलर होता, दर पंधरवड्यास ते शिरेतून द्यावे लागे, आणि मेंदूला सूज वा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यास वरचेवर एमआरआय. अर्ध्या गुणाहून कमी अशा या लाभासाठी एवढा प्रपंच करावा की नाही यावर डॉक्टरांतही एकमत नाही. पण लाभ किती आणि धोका किती हे दोन्ही आकडे लोकांपुढे आहेत, ही मंजुरीच्या पद्धतीची कमाई होय.

हळदीच्या कॅप्सूलविषयी असे आकडे मागायला गेल्यास मिळत नाहीत, कारण ती बाजारात येते दुसऱ्याच दाराने. १९४० च्या औषध कायद्यात मान्य आयुर्वेदीय ग्रंथांवर आधारलेल्या औषधांसाठी परवान्याचा स्वतंत्र मार्ग आहे, आणि पोषक आहार म्हणून विकावयाचे तर अन्नसुरक्षेचा कायदा लागू होतो. या दोन्ही मार्गांत तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा डोंगर चढावा लागत नाही. मात्र मेंदूच्या रोगांवर रामबाण अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याचा प्रतिबंध आहे, ही गोष्ट विकणारे सोयीस्करपणे विसरतात. शिवाय खाण्यातील हळद निरुपद्रवी म्हणून सुशोषित अर्कही निरुपद्रवी असे समजणे धोक्याचे. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांत कावीळ व यकृतदाहाचे प्रकार आढळल्यामुळे तेथील सरकारला इशारा द्यावा लागला होता. आणि याहून विपरीत प्रकार बांगलादेशातला: हळकुंडे अधिक पिवळी दिसावीत म्हणून त्यांना शिशाचे क्रोमेट चोळले जात असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. शिसे हे मुलांच्या मेंदूचे वैरी. बुद्धिवर्धक म्हणून नावाजलेल्या कंदातून बुद्धिनाशक विष घरात यावे, हे पाहता खरेदी करताना फार चकचकीत पिवळ्या रंगाला न भुलणेच बरे.

आता राहिला तो पैशाचा प्रश्न, आणि खरी गोम तेथेच आहे. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमा भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित करून १९९७ मध्ये रद्द करविले, याचा मराठी माणसाला रास्त अभिमान आहे. त्या लढ्यात परिषदेने संस्कृत ग्रंथांसह जुने लेख पुराव्यादाखल मांडले. पेटंटच्या कचेरीत जुन्या कागदाला असा मान असतो. औषधाच्या कचेरीत मात्र हजार वर्षांची परंपरा ही फार तर अर्जाची प्रस्तावना होऊ शकते, पुरावा म्हणून चालते ती नव्या रुग्णांची नोंद. आणि त्या विजयाची दुसरी बाजू ही की जे सर्वांचे आहे त्यावर पैसा लावण्यास कोणी एकटा पुढे येत नाही. लेकानेमॅबसारखी हजारो रुग्णांची चाचणी कोट्यवधी डॉलर गिळते. हळदीच्या रेणूवर कोणाची मक्तेदारी नसल्यामुळे तो खर्च वसूल होण्याची आशा कोणत्याही कंपनीला नाही. म्हणून खाजगी भांडवल गुंतते ते रेणूत न गुंतता त्याच्या वाहनात, म्हणजे कण बारीक करण्याच्या आणि शोषण वाढविण्याच्या कृतीत, कारण त्या कृतीचे पेटंट घेता येते.

शासनाने ३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने वनस्पतिजन्य औषधांसाठी आणखी एक वाट खुली केली आहे: वनस्पतीचा शुद्ध केलेला आणि प्रमाणित अर्क, ज्यात किमान चार घटकद्रव्यांचे प्रमाण निश्चित असेल, त्याचीही आता रीतसर चाचण्यांअंती नवे औषध म्हणून नोंदणी होऊ शकते. हळदीच्या अर्काने ही वाट धरावयाची तर प्रत्येक खेपेत तीच द्रव्ये त्याच प्रमाणात आहेत याचा दाखला द्यावा लागेल, आणि तो दाखला थेट शेतापर्यंत जातो: कोणते बेणे लावले, कंद केव्हा काढले, किती वेळ शिजविले, उन्हात किती दिवस ठेवले. वसमतच्या संशोधन केंद्राला हाती घेण्याजोगे काम येथे पुष्कळ आहे, आणि ते करण्यास मेंदूचा तज्ज्ञ असण्याची गरज नाही. पुढच्या चाचणीचा खर्च मात्र सार्वजनिक तिजोरीतूनच यावा लागेल. तूर्त हिंगोलीच्या लिलावात बोली लागते ती हळकुंडाची जाडी, वाळण आणि तकाकी पाहून.